डाव्या हाताचा घडीचा चाकू मिळत का नाही?

शेती औजारांच्या दुकानात जाऊन डाव्या हाताचा चाकू मागा, उत्तर ठरलेलं असतं: "चाकूला कसला आलाय डावा-उजवा? कुठल्याबी हातात धरा, चालतोय." साध्या सुरीबद्दल हे खरंही आहे. दोन्ही बाजूंनी सारखी धार असलेली सुरी डाव्या हातात घेतली म्हणून काही अडत नाही. घडीच्या चाकूचं तसं नाही. त्याला पातं उघडायची खाच असते, उघडलेलं पातं अडकवणारं कुलूप असतं, खिशाला लावायची क्लिप असते, आणि कलमाचा चाकू असेल तर धारही एकाच बाजूने लावलेली असते. यातला प्रत्येक भाग कुठे बसवायचा हे ठरवताना चाकू बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक हात असतो. तो जवळजवळ नेहमी उजवा असतो.

मी डावखुरा आहे, घर जालना जिल्ह्यातलं, शेतात मोसंबी. म्हणून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. पण तो माझ्यापुरता नाही. २०२० साली जगभरातल्या जुन्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली. त्यात २३ लाखांहून अधिक माणसांची माहिती होती. त्यातून डावखुऱ्यांचं प्रमाण १०.६ टक्के निघालं. म्हणजे हजार वस्तीच्या गावात शंभरेक माणसं. ठिबकची नळी कापणारे, सोयाबीनच्या पोत्याची सुतळी तोडणारे, वायर सोलणारे, नर्सरीत डोळे भरणारे (कलमासाठी फुटव्याची कळी रोपावर बसवणारे), या सगळ्यांत ती आहेत.

आता चाकू हातात घेऊन एकेक भाग पाहू.

सुरुवात खाचेपासून. साध्या घडीच्या चाकूच्या पात्यावर नख अडकवायला एक चंद्रकोरीसारखी खाच असते, आणि ती बहुतेक वेळा एकाच बाजूला कोरलेली असते. मिटलेला चाकू उजव्या हातात धरा, बिजागरीचं टोक पुढे आणि पात्याची फट खाली ठेवा. खाच डावीकडे दिसेल. तुमचा मोकळा डावा हात तिकडूनच येतो, अंगठ्याचं नख सरळ खाचेत बसतं, पातं उघडतं आणि चाकू आधीच कामाच्या हातात असतो. तोच चाकू तसाच डाव्या हातात धरून बघा. खाच अजूनही डावीकडेच आहे, पण आता तिकडे तुमचा तळहात आहे आणि मोकळा उजवा हात पलीकडच्या अंगाने येतोय. अंगठ्याचं नख खाचेपर्यंत पोहोचत नाही. डावखुरा माणूस मग चाकू उलटा करतो, उघडतो आणि हात बदलतो. घरी बसून पेरू कापायचा असेल तर यात काही बिघडत नाही. पाणी उडवणारी ठिबकची नळी एका हातात दाबून धरलेली असते तेव्हा मात्र हात बदलायला दुसरा हात मोकळाच नसतो.

कुलूप हा यापेक्षा मोठा अडसर आहे, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. आज बाजारात मिळणाऱ्या स्वस्त घडीच्या चाकूंपैकी पुष्कळांना 'लायनर लॉक' असतं. मायकेल वॉकर या अमेरिकन कारागिराने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते आजच्या रूपात आणलं. मुठीच्या आत दोन्ही बाजूंना पातळ धातूचे पत्रे असतात. त्यातल्या एका पत्र्याला लांब काप देऊन एक पट्टी मोकळी करतात आणि ती जराशी आत वाकवतात. पातं पूर्ण उघडलं की ही पट्टी स्प्रिंगसारखी सरकून पात्याच्या बुडामागे टेकते. ती तिथे आहे तोवर पातं मिटत नाही.

ही पट्टी मुठीच्या उजव्या बाजूला असते आणि डावीकडे सरकते. मिटवताना ती परत उजवीकडे सारायची. उजव्या हातात चाकू धरला की अंगठा मुठीच्या डावीकडे येतो, त्यामुळे त्याला ती नुसती ढकलायची असते. डाव्या हातात धरला की अंगठा उजवीकडे येतो. आता त्याला पट्टी ढकलायची नाही, स्वतःकडे ओढायची आहे, आणि त्या अरुंद फटीत अंगठ्याने ओढणं होत नाही. डावखुरे लोक मग तर्जनीचं टोक आत घालून पट्टी सारतात. तेव्हा ते बोट नेमकं मिटणाऱ्या पात्याच्या वाटेत असतं. तुम्ही डावखुरे असाल आणि असा चाकू तुमच्याकडे असेल तर तो मिटवताना दोन्ही हात वापरा. एका हाताने मिटवायची सफाई दाखवण्यात बोट कापून घेऊ नका.

ख्रिस रीव्ह यांच्या 'सेबेन्झा' चाकूमुळे गाजलेलं 'फ्रेम लॉक' हे याच जातीचं. तिथे पातळ पत्र्याऐवजी मुठीचाच जाड भाग पट्टीचं काम करतो. सेबेन्झाची डाव्या हाताची आवृत्ती निघते, पण आपल्याकडच्या शेतकऱ्याने विचारात घ्यावा अशा किमतीचा तो चाकू नाही.

क्लिपबद्दल फार बोलायला नको. उजव्या खिशाच्या बेताने ती एकाच बाजूला लावलेली असते. दुसऱ्या बाजूलाही स्क्रूची भोकं पाडली असती तर प्रश्न तिथेच मिटला असता.

मग दोन्ही हातांना सारखा चालणारा चाकू बनवताच येत नाही का? येतो, आणि पुष्कळ जुन्या काळापासून येतो. अमेरिकेतल्या बक कंपनीचा '११०' हा चाकू १९६४ चा. त्याचं कुलूप मुठीच्या पाठीवर, दोन्ही बाजूंच्या मधोमध आहे. पाठ दाबली की पातं सुटतं. पाठीला डावी-उजवी बाजू नसते, त्यामुळे कुठलाही अंगठा चालतो. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूला १९५५ पासून बिजागरीभोवती फिरणारं एक कडं आहे. ते फिरवलं की पातं अडकतं, आणि कडं कुठल्याही हाताने फिरवता येतं. १९८१ मध्ये स्पायडर्को कंपनीने पात्याला खाचेऐवजी आरपार गोल भोकच पाडलं. भोक दोन्हीकडून उघडं, म्हणून डावा अंगठाही त्यात तितकाच नीट बसतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बेंचमेड कंपनीने 'ॲक्सिस लॉक' आणलं. त्यात मुठीच्या आरपार एक आडवी पिन असते, तिची बोंडं दोन्हीकडे बाहेर असतात आणि कुठल्याही बाजूने मागे ओढता येतात. त्याच्या पेटंटची मुदत संपली, तेव्हापासून आडव्या पिनेचं कुलूप इतर कंपन्याही वापरतात आणि ते बरंच स्वस्त झालं आहे.

तोड इतकी जुनी असूनही दुकानात उजव्या हाताचाच चाकू का? मला यातलं सगळ्यात मोठं कारण लायनर लॉकच्या स्वस्ताईत दिसतं. पत्रा मुठीत घालायचाच असतो. त्यालाच काप दिला की कुलूप तयार. वेगळा खटका नको, वेगळी स्प्रिंग नको. पाठीवरच्या कुलुपाला किंवा आडव्या पिनेला जास्त भाग लागतात, जास्त जुळवाजुळव लागते. म्हणून चाकू जितका स्वस्त, तितकं लायनर लॉक असण्याची शक्यता जास्त, आणि तितकाच तो उजव्या हाताचा असण्याचीही. ज्याच्या खिशात जास्त पैसे आहेत तो डावखुरा दोन्ही हातांचा चाकू मागवू शकतो. दीड-दोनशे रुपयांत चाकू घेणाऱ्या डावखुऱ्या मजुराला तो पर्याय दिसतच नाही. हे मला खटकतं, कारण दिवसभर चाकू वापरणारा तोच आहे.

याच चाकूची आरशातली प्रतिमा बनवायची तर खर्च कुठे येतो तेही पाहू. मुठीचा प्लॅस्टिकचा साचा नवा लागतो. समजा तो साचा ५ लाख रुपयांचा आहे. उजव्या हाताचे १०,००० चाकू खपणार असतील तर एका चाकूवर साच्याचे ५० रुपये पडतात. डाव्या हाताचे १,००० खपणार असतील तर एका चाकूवर ५०० पडतात. पोलाद तेच, कारागिरी तीच, तरी चाकू साडेचारशे रुपयांनी महाग. पुढे घाऊक व्यापाऱ्याला तो वेगळा ठेवायचा, दुकानदाराला वेगळा मांडायचा, आणि दहातलं एकच गिऱ्हाईक तो घेणार. दुकानदार म्हणतो, पडून राहणारा माल कशाला भरू? त्याच्या जागी मी असतो तर मीही भरला नसता.

गिऱ्हाईक तरी खरंच दहात एक असतं का? इथे गुंता वाढतो. डावखुरेपण हे सगळ्या कामांना सारखं लागू होत नाही. सचिन तेंडुलकर डाव्या हाताने लिहितो आणि उजव्या हाताने फलंदाजी करतो. तसंच कुणी डाव्याने लिहितो पण चाकू उजव्याने धरतो, कुणाचं उलटं. त्यात आपल्याकडे लहानपणीच हात बदलायला लावतात. प्रसाद उजव्या हातात घे, ताटाला डावा हात लावू नको, पाटी-पेन्सिल उजव्या हाताने धर. मुलाला विळा-खुरपं पहिल्यांदा हातात मिळतं तेही घरातलंच, दुसऱ्या कुणाच्या हाताला बसलेलं. ते मूल उजव्या हाताने शिकून जातं आणि पुढे कायम उजव्या हाताचीच वस्तू विकत घेतं. दुकानदाराच्या हिशोबात ते उजव्या हाताचं गिऱ्हाईक. माल नाही म्हणून मागणी होत नाही, आणि मागणी दिसत नाही म्हणून माल येत नाही.

धार एकाच बाजूने असते तेव्हा

खाच, कुलूप, क्लिप या तिन्ही गोष्टींवर तोड आहे, कारण तिन्ही मधोमध आणता येतात किंवा दोन्ही बाजूंना देता येतात. एका गोष्टीला मात्र असा मधला मार्ग नाही, आणि मोसंबीच्या मुलखात तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. ती म्हणजे कलमाच्या चाकूची धार.

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, बीडच्या सीताफळाला आहे, मराठवाड्याच्या केशर आंब्यालाही आहे. बदनापूरला मोसंबी संशोधन केंद्र आहे, अंबाजोगाईला सीताफळाचं. या सगळ्या फळांची चांगली रोपं कलमानेच तयार होतात. मोसंबीत जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या रोपावर (याला खुंट म्हणतात), जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर, सालीला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देतात. चांगल्या झाडाच्या काडीवरून डोळा काढून त्या चिरेत सरकवतात आणि पट्टीने घट्ट बांधतात.

डोळा जगतो की वाळतो हे सालीखालच्या एका ओलसर, अगदी पातळ थरावर ठरतं. झाडाची जाडी वाढवणाऱ्या नव्या पेशी याच थरात तयार होतात. डोळ्याचा हा थर आणि खुंटाचा हा थर एकमेकांना चिकटून बसले तर जोड धरतो. मध्ये हवा राहिली तर डोळा सुकतो. म्हणून डोळ्याचा काप आरशासारखा सपाट हवा, आणि शक्यतो एकाच ओढीत निघालेला हवा.

असा काप निघावा म्हणून कलमाच्या चाकूचं पातं एका बाजूने पूर्ण सपाट ठेवतात आणि दुसऱ्या बाजूने उतार देऊन धार काढतात. कापताना सपाट बाजू आपल्याला हव्या असलेल्या लाकडाला टेकून चालते आणि उताराची बाजू फेकायच्या भागाला दूर ढकलते. एकतर्फी धारेचं पातं कापताना स्वतःहून सपाट बाजूकडे सरकतं. ती बाजू लाकडाला टेकलेली असली की हाच गुण कामाचा ठरतो, पातं लाकडाला धरून राहतं.

हाच चाकू डाव्या हातात घेऊन नेहमीसारखा आपल्याकडे ओढला तर बाजू उलटतात. उतार हव्या असलेल्या लाकडावर येतो आणि सपाट बाजू बाहेर राहते. पातं लाकडातून बाहेर निसटायला बघतं, हात ते परत आत दाबतो, आणि काप खोलगट किंवा लाटांसारखा होतो. पट्टी कितीही आवळली तरी मध्ये फट राहते. नर्सरीत पुष्कळ ठिकाणी मजुरी नगावर असते आणि मेलेला डोळा कुणाच्या हातचा याचा हिशोब ठेवला जातो. एखाद्या डावखुऱ्या ताईचे डोळे कमी लागतात, तेव्हा तिचा हात बसलेला नाही असं सगळे म्हणतात, तीही तसंच मानते. तिच्या हातातल्या चाकूची धार कुणी पाहत नाही. नर्सरीवाल्यांनी, आणि कलमाचं प्रशिक्षण देणाऱ्यांनी, शिकायला आलेल्या माणसाला आधी एवढं तरी विचारावं: दादा, ताई, चाकू कोणत्या हाताने धरता?

यावर खरी तोड म्हणजे उलट्या बाजूने धार लावलेला चाकू. जर्मनीची टिना ही कलमाच्या चाकूंसाठी नावाजलेली कंपनी असे चाकू बनवते. छाटणीच्या कात्रीतही असा फरक आहे. स्वित्झर्लंडच्या फेल्कोची ९ आणि १० नंबरची सिकेटर डाव्या हातासाठीच आहेत. जपानमध्ये कच्चे मासे कापायच्या सुऱ्या एकतर्फी धारेच्याच असतात, आणि त्यांच्याही डाव्या हाताच्या आवृत्त्या मिळतात, नेहमीपेक्षा जास्त किमतीला. बाहेरून मागवलेला कलमाचा चाकू आपल्या हातात पडेपर्यंत त्याची किंमत डोळे भरणाऱ्याच्या अनेक दिवसांच्या मजुरीएवढी होते, म्हणून हा मार्ग मी कुणाला सुचवत नाही.

इथल्या इथे काय करता येईल

रोजच्या कामाचा चाकू घेताना डावखुऱ्याने कुलूप आधी बघावं. पाठीवर दाबायचं कुलूप असेल, फिरवायचं कडं असेल किंवा मुठीच्या दोन्हीकडे ओढायची बोंडं असतील तर घ्यावा. मुठीच्या आत पट्टी दिसली तर सोडावा. त्यानंतर पातं बघावं, त्याला आरपार भोक किंवा दोन्ही बाजूंना अंगठ्याने ढकलायची बोंडं हवीत. क्लिप सगळ्यात शेवटी, कारण ती काढून टाकता येते. कायद्याचं म्हणाल तर शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा विषय येतो, आणि घरकामाची व शेतीची औजारं त्यातूनही वगळलेली आहेत. तरी पोलिसांचे शस्त्रबंदीचे आदेश लागू असताना चाकू खिशात घेऊन गर्दीत फिरू नये.

कलमाच्या चाकूसाठी दोन मार्ग आहेत. पहिला फुकटचा: कापायची दिशा बदलायची. उजव्या हाताचा चाकू डाव्या हातात घेऊन आपल्याकडे ओढण्याऐवजी पुढे ढकलला, तर सपाट बाजू पुन्हा हव्या असलेल्या लाकडाकडे येते. काप सपाट निघतो. ढकलताना ताबा मात्र कमी राहतो, सवय व्हायला वेळ लागतो, आणि काडी धरलेलं बोट पात्याच्या पुढे येणार नाही याकडे लक्ष ठेवावं लागतं.

दुसरा मार्ग लोहाराचा, आणि माझा कल याच्याकडे आहे. आपल्या गावोगावी विळे-खुरपी शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून धार काढून, देणारे लोहार आहेत. बाजाराच्या दिवशी त्यांच्याकडे रांग असते. चाकूची धार एका बाजूची दुसऱ्या बाजूला नेणं त्यांना अवघड नाही, फक्त काय हवं ते नेमकं सांगायला हवं. शक्यतो दोन्ही बाजूंनी धार असलेला, जरा रुंद पात्याचा साधा घडीचा चाकू न्यावा. एकतर्फी पात्याची बाजू बदलायची तर जुना उतार पूर्ण जाईपर्यंत पातं झिजवावं लागतं. दोन्हीकडून धार असेल तर त्याच्या निम्मंच झिजवून भागतं, आणि चाकू जास्त वर्षं टिकतो.

नेण्याआधी घरी एक खूण करून ठेवा. डाव्या हातात चाकू आणि उजव्या हातात काडी धरा आणि डोळा काढताना ओढता तसा चाकू काडीवर हलकेच टेकवा. पात्याची जी बाजू राहणाऱ्या लाकडाला टेकते, तिच्यावर मार्करने रेघ मारा. लोहाराला सांगा: मामा, रेघेच्या बाजूला हात लावू नका, सगळा उतार पलीकडून काढा. चाकावर घासताना पातं पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवायला सांगा. पोलाद तापून निळं पडलं, साधारण ३०० अंशांच्या आसपास पडतं, की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि धार टिकत नाही. पातळ पात्याला तितकं तापायला क्षणही पुरतो.

घरी आणल्यावर रेघेची बाजू धारेच्या दगडावर पूर्ण सपाट टेकवून दोन-चार वेळा हलकेच फिरवा, म्हणजे धारेवर उलटलेली बारीक कोर निघून जाईल. पुढे कायम धार लावायची ती उताराच्याच बाजूने. मग मोसंबीच्या छाटणीतली एक टाकाऊ काडी घेऊन तिच्यावर दोन तिरके काप घ्या, त्यांची तोंडं एकमेकांना लावा आणि उजेडाकडे धरून बघा. मधून उजेड येत असेल तर सपाट बाजू अजून सपाट झालेली नाही, ती पुन्हा दगडावर घ्या.